ऐंशी फेऱ्या

माझी नोकरी नेमकी कसली, हे माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. भिगवणला त्याचं मासळीचं दुकान आहे. कुणी विचारलं की तो सांगायचा, "शमीम बारामतीला असती, धुरकट फोटो साफ करती." त्यामुळे मी फोटो स्टुडिओत कामाला आहे असाच आमच्या नात्यात बऱ्याच जणांचा समज होता. मीही तो कधी खोडून काढला नाही. खरं सांगायचं तर भाऊ फारसं चुकीचं सांगत नव्हता.

मी बारामतीजवळच्या एका शेती संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक होते. उसाचे, डाळिंबाचे, द्राक्षाचे रोगट नमुने यायचे. त्यांचे काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्यायचे. आमचा एक रंग असा होता की तो डीएनएला चिकटतो आणि अंधाऱ्या खोलीत ठरावीक किरण टाकले की निळा चमकतो. पानातली साखर ज्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, त्या नळ्या निरोगी झाडात काळ्या दिसतात. त्यांत रोगाचे जंतू शिरलेले असले तर निळे ठिपके दिसतात.

अडचण अशी की काप कितीही पातळ काढला तरी त्याला जाडी असतेच. आपण नजर लावलेला थर स्पष्ट दिसतो, पण वरच्या-खालच्या थरांतला उजेडही त्याच चित्रात येऊन सांडतो. थंडीत सकाळी उजनीच्या पाण्यावर धुकं असताना होडी दिसते पण तिच्या कडा दिसत नाहीत, तसं होतं. हा सांडलेला उजेड गणिताने जिथल्या तिथे परत नेऊन ठेवायचा, याला डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'डीकॉन' म्हणायचो.

त्यासाठी आधी आपलं यंत्र उजेड कसा सांडतं ते ठाऊक असावं लागतं. प्लास्टिकचे अतिशय बारीक चमकणारे मणी मिळतात. एक मणी म्हणजे खरं तर एक बिंदूच. पण वरपासून खालपर्यंत थराथराने त्याचे फोटो काढले की तो डमरूसारखा दिसतो, मधे बारीक आणि वर-खाली पसरलेला. हा डमरू मोजून ठेवायचा. मग काँप्युटर मूळ चित्राचा एक अंदाज धरतो, त्या डमरूप्रमाणे तो मुद्दाम धुरकट करतो, आपल्या खऱ्या फोटोशी ताडून बघतो आणि फरक दिसेल तिथे अंदाज सुधारतो. ही झाली एक फेरी. दहा-पंधरा फेऱ्यांत धुकं उतरतं. त्याच्या फार पुढे गेलं तर काँप्युटर फोटोतल्या कचऱ्यालाही आकार देऊ लागतो. कॅमेऱ्याच्या खरखरीतून टपोरे ठिपके उगवतात, आणि दिसायला ते खऱ्यापेक्षा देखणे असतात.

हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं मला म्हणता येत नाही.

या कामाची कीर्ती कधीकधी भलतीकडेच जायची. एकदा इंदापूरहून एक वयस्कर शिंपी आले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बारामतीला धुरकट फोटो साफ करायचं मशीन आहे. त्यांची बायको नुकतीच वारली होती आणि तिचा एकटीचा असा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढताना तिने मान वळवली होती, तेवढाच हललेला फोटो. मी त्यांना समजावलं की आमचं गणित आमच्या यंत्रापुरतं आहे, त्या दिवशी तो कॅमेरा कसा हलला ते आपल्याला माहीत नाही. ते ऐकून घेत होते, पण उठत नव्हते. शेवटी मी प्रयत्न केला. हालचालीचा अंदाज धरला, फेऱ्या दिल्या. एक चेहरा आला. डोळे, नाक, कपाळावरचं कुंकू, सगळं ठसठशीत. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, ही दुसरीच कुनीतरी हाय." मग जुनाच फोटो रुमालात गुंडाळून घेऊन गेले. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण शिकले काहीच नाही.

आता सोपानतात्यांचं सांगते.

लासुर्ण्याचे सोपानतात्या बेण्याचा ऊस करायचे, म्हणजे कारखान्याला न देता लोकांना लागवडीसाठी द्यायचा ऊस. वालचंदनगरपासून पार नीरेच्या काठापर्यंत लोक त्यांचं बेणं न्यायचे. 'तात्याचं बेणं' म्हटलं की पुढे काही विचारायची गरज नसायची. तात्यांचा एकुलता एक मुलगा लग्नानंतर चार वर्षांनी अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. सून मंगल माहेरी भिगवणला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती सासऱ्यापाशीच राहिली आणि तिने बेणेमळा हातात घेतला. कांड्या निवडणं, त्या दोन तास ऊन पाण्यात ठेवून रोगमुक्त करणं, सरी-सरीची नोंद ठेवणं, सगळं ती करायची. तात्या लोकांना सांगायचे की मळा माझ्या नावावर हाय, पण चालवती ती.

करोनानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात इंदापूर भागात उसावर गवताळ वाढ दिसायला लागली. या रोगात उसाची कांडी धरत नाही, बुडातून गवतासारखे पांढुरके फुटवे येत राहतात, आणि तो बेण्यातून पसरतो. मंगल स्वतःहून आमच्याकडे आली. त्यांच्या मळ्यात कॅनॉलच्या बाजूला उसाची काही बेटं पिवळी पडली होती. तिचं म्हणणं होतं की तो नुसता केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, असणार, तिथली जमीन चुनखडीची आहे, लोह कमी पडत असेल. पण लोकांना बेणं द्यायचं तर खात्री हवी. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने नमुने आणले होते, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. इतके नीट नमुने मला क्वचितच मिळाले.

त्या आठवड्यात लॅबचा एसी बंद पडला होता. दुरुस्तीवाला पुण्याहून येणार होता आणि येत नव्हता. खोली भट्टीसारखी तापलेली. भिंगाच्या टोकाला आम्ही तेलाचा थेंब लावतो, ते तेल उन्हाळ्याने पातळ होतं आणि उजेड वेगळा सांडायला लागतो. म्हणजे डमरू बदलतो. नियमाप्रमाणे मी मणी नव्याने मोजायला हवे होते. त्यात अख्खा दिवस गेला असता. मी जानेवारीत मोजलेलाच डमरू वापरला.

पंधरा फेऱ्यांनंतर चित्रात विशेष काही नव्हतं. नळ्या काळ्याच होत्या, कडेने थोडा निळसर धूर. आमचे विभागप्रमुख मागे उभे होते. त्यांना सोमवारी अहवाल द्यायचा होता, त्यात छापायला फोटो हवे होते. ते म्हणाले, "शेख मॅडम, धूर आहे म्हणजे काहीतरी आहे. फेऱ्या वाढवून बघा."

मी तीस दिल्या, पन्नास दिल्या, ऐंशी दिल्या. ऐंशीला नळीच्या आत निळे ठिपके उगवले, एका ओळीत, माळेसारखे. सर खूश झाले. मीही झाले, हे लपवून काय करू? नोकरीत इतकं सुंदर चित्र माझ्या हातून निघालं नव्हतं. त्याच दिवशी निरोगी रोपाचा काप तुलनेसाठी घेतलेला होता. त्याला मात्र नेहमीच्या पंधराच फेऱ्या दिल्या आणि तो स्वच्छ आहे असं लिहून मोकळी झाले. जनुकीय चाचणी केली असती तर सोक्षमोक्ष लागला असता, पण तिचं सामान यायचं होतं. म्हणून तात्यांना पाठवायच्या पत्रात 'संशयित' असा शब्द घातला. खाली फोटो तयार करणारी म्हणून माझी सही होती.

पत्र पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. धोतर, टोपी, हातात पत्र. मला म्हणाले, एकदा दाखवा. मी त्यांना खुर्चीवर बसवून पडद्यावर चित्र लावलं. ते पुढे वाकून कितीतरी वेळ बघत होते.

"ह्यो माजा ऊस?"

"हो, तात्या. या नळ्या, आणि हे ठिपके म्हणजे जंतू."

"ह्यात चूक व्हत न्हाय?"

त्या वेळी माझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक खरं होतं आणि लांबलचक होतं. मी दुसरं बोलले. म्हटलं, "तात्या, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

ते उठले, पत्राची घडी घातली आणि नमस्कार करून गेले.

पत्रात फक्त कॅनॉलकडची बेटं उपटायची शिफारस होती. तात्यांनी सगळा मळा उपटून जाळला. त्याहून पुढचं म्हणजे, मागच्या हंगामात ज्यांनी ज्यांनी बेणं नेलं होतं त्या सगळ्यांना त्यांनी घरी जाऊन सांगितलं की माझ्या बेण्यात रोग निघालाय, तुमचा ऊस तपासून घ्या. त्यांना हे कुणीही करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलंही नसतं. लोकांनी उसापेक्षा आधी तात्यांनाच टाळायला सुरुवात केली. ज्याच्या उसाला जे काही होईल, पाणी कमी पडलं तरी, खत चुकलं तरी, ते तात्याच्या बेण्यामुळेच झालं असं बोललं जाऊ लागलं. पत्रातला 'संशयित' हा शब्द आमच्या फाटकाबाहेर पडला तेव्हाच गळून गेला होता.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते पावसाळ्याच्या शेवटी, आणि त्याआधी दुसरंच काही कळलं.

एसी दुरुस्त झाला होता. संस्थेची तपासणी होणार होती म्हणून मी मणी नव्याने मोजत बसले होते. मोजता मोजता उन्हाळ्यातलं ते काम आठवलं. सहज म्हणून त्या दिवशीच्या निरोगी रोपाचा जुना फोटो उघडला आणि त्यालाही तोच जानेवारीचा डमरू लावून ऐंशी फेऱ्या दिल्या. चहाचा कप हातात होता. पडद्यावर काळ्या नळीत निळे ठिपके उगवले, एका ओळीत, माळेसारखे.

मी कप खाली ठेवला आणि पुन्हा चालवून बघितलं. दुसऱ्या कापावर बघितलं. सगळीकडे तेच. उसाच्या पेशींच्या भिंती मुळातच थोड्या निळ्या चमकतात. त्यांचा उजेड चुकीच्या डमरूने आत ओढला होता आणि ऐंशी फेऱ्यांनी त्याचे ठिपके पाडले होते. मंगलने आणलेल्या नमुन्यांचे तुकडे फ्रीझरमध्ये होते. जनुकीय चाचणीचं सामान तोवर आलेलं होतं. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याला मी कारण न सांगता ते तपासायला दिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. रोग नव्हता. मंगल म्हणाली होती तसा तो केवडाच होता.

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आपण संशयित लिहिलं होतं, त्यामुळे आपलं काही चुकलेलं नाही. आता कळवून जळलेला ऊस परत येणार आहे का? उलट बाकीच्या सगळ्या अहवालांवर लोक शंका घेतील. यापुढे काळजी घ्या. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या बोलण्यात मला सोय दिसली आणि मी गप्प बसले. अकरा दिवस गप्प बसले. या अकरा दिवसांचं मला जेवढं वाटतं तेवढं त्या ऐंशी फेऱ्यांचंही वाटत नाही.

बाराव्या दिवशी रजा टाकून एसटीने लासुर्ण्याला गेले. मळ्यात मका उभा होता. तात्या ओट्यावर एकटेच बसले होते, दाढी वाढलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. मणी, तेल, फेऱ्या, निरोगी रोप. त्यातलं त्यांना किती कळलं ठाऊक नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी ऊस चांगला व्हता?"

"हो."

"मी जाळला त्यो चांगला व्हता."

मी मान हलवली. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत. घराच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "बाई, मी मंगलला लई वंगाळ बोललो. चारचौघात बोललो. म्हनलं, तू बेनं ऊन पान्यात ठिवलंच न्हाय, मला फशिवलंस, माज्या नावाला काळं फासलंस. ती म्हनत व्हती, तात्या, मी घड्याळ लावून दोन तास ठिवलं. मी म्हनलं, बाईनं यंत्रात दाखिवलंय, यंत्र कशाला खोटं बोलंल?"

मंगल दीड महिन्यापूर्वी घर सोडून गेली होती. तेरा वर्षं त्या घरात राहून, एक पिशवी घेऊन.

तात्यांनी मला तिच्याकडे जायला सांगितलं. माज्या तोंडानं व्हनार न्हाय, म्हणाले. मी निघाले तेव्हा पाणी विचारायचं राहिलं म्हणून त्यांनी मला फाटकातून परत बोलावलं आणि तांब्या दिला.

भिगवणला मंगलचं माहेर स्टेशनच्या पलीकडे आहे, आमच्या दुकानापासून दहा मिनिटांवर. ती एका रोपवाटिकेत कामाला लागली होती. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा, म्हणजे कोंब, काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रोपं करतात, तिथे. तिने मला ओळखलं. हातातलं काम न थांबवता माझं सगळं ऐकलं. मग हात पुसून माझ्याकडे बघितलं.

"ताई, मला ठावंच व्हतं. तुमी मला काय नवीन सांगितलं?"

मी म्हटलं, तात्यांनाही सांगून आले आहे, त्यांना फार लागलंय.

"मग त्ये का न्हाय आले?"

तिने ट्रे बाजूला सारून विचारलं, हे लिहून द्याल का? तिथेच बसून मी कागदावर लिहिलं की अमुक पत्रातला निष्कर्ष चुकीचा होता, चूक फोटो तयार करणारीची होती, बेण्यात रोग नव्हता आणि ऊन पाण्याच्या प्रक्रियेत काही कसूर नव्हती. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली. तिने तो दोनदा वाचला. त्याच्या दोन प्रती काढून एक लासुर्ण्याच्या सोसायटीत आणि एक तात्यांकडे पाठवली. मूळ कागद तिने स्वतःकडे ठेवला.

तो कागद फिरत फिरत संस्थेतही पोचला. परवानगीशिवाय लिहून दिल्याबद्दल मला मेमो मिळाला आणि निवृत्तीला उरलेलं सव्वा वर्ष मी बियाणे भांडारात काढलं. सूक्ष्मदर्शकावर दुसरी मुलगी आली, हुशार आहे. भांडारात जाताना मी तिला सांगितलं की कुणीही मागे उभं राहिलं तरी फेऱ्या ठरलेल्याच द्यायच्या आणि निरोगी रोपालाही तेवढ्याच द्यायच्या. तिने ते लिहून घेतलं. याहून जास्त मला शिकवता आलं नाही.

मंगल परत गेली नाही. तात्या एकदा तिच्या माहेरी येऊन गेले असं माझा भाऊ सांगत होता. तिने खुर्ची दिली, चहा दिला. ते बोलायला आले होते ते न बोलताच उठले.

निवृत्तीनंतर मी आता बहुतेक भिगवणलाच असते. गेल्या हंगामात एका सकाळी घरामागे लावायला शेवग्याचं रोप आणायला त्या रोपवाटिकेत गेले होते. लागवडीचे दिवस, टेम्पोंची रांग लागलेली. रांगेत लासुर्ण्याचा एक टेम्पो होता आणि त्याच्याजवळ तात्या उभे होते, बरेच वाकलेले. त्यांनी मला बघितलं नाही. बेण्याचा मळा त्यांना पुन्हा उभा करायचा होता, आणि त्यासाठी चांगली रोपं कुठे मिळतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यांचा नंबर आला. ट्रे मोजून द्यायला मंगलच होती. कुणाचे ट्रे कुठले ते कळावं म्हणून ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची पाटी खडूने लिहायची. तिने पाटी घेतली, मान वर न करता विचारलं, "नाव?"

तात्यांनी आपलं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि शेवटी गाव, लासुर्णे. परक्या माणसाला सांगावं तसं, एकेक शब्द सावकाश.

तिने ते सगळं लिहून घेतलं.